खाकी कव्हरची बारा पुस्तकं

ज्ञानदा केळुसकरच्या हातात पुस्तक दिलं की ती आधी ते उघडत नाही, आडवं धरून त्याचा कणा बघते. शिवण पक्की आहे का, पानं सुटतील का, पुठ्ठा किती दिवस टिकेल. मिरजेला तिच्या वडिलांचं बाइंडिंगचं दुकान होतं आणि तिचं लहानपण खळीच्या वासात गेलं, त्यामुळे यात तिचा दोष नाही. दोष म्हणायचाच तर दुसरा आहे. हाती घेतलेलं पुस्तक ती शेवटपर्यंत वाचते, अगदी प्रस्तावना आणि तळटीपांसकट, आणि पटलं तर त्याप्रमाणे वागायला जाते. ऑफिसात याहून अडचणीची सवय दुसरी नसेल.

अमेरिकेतल्या कॅरी गावात येऊन तिला अठरा वर्षं झाली. नवरा यशोधन सॉफ्टवेअरमधला. त्याच्या व्हिसावर ती आली, आणि मेकॅनिकलच्या डिप्लोमात पहिली आलेली ही बाई पहिली नऊ वर्षं घरी बसली, कारण तिला नोकरी करायची परवानगीच नव्हती. त्या नऊ वर्षांत तिने गावच्या लायब्ररीतली कपाटंच्या कपाटं संपवली. फाटकी पुस्तकं बघवेनात, म्हणून लायब्ररीतल्या बाईंच्या मागे लागून ती शिवूनही दिली. परवानगीचं कार्ड हातात पडलं तेव्हा ती अडतीस वर्षांची होती. महिन्याभरात ती घरापासून वीस मिनिटांवरच्या एका कारखान्यात दारं बसवायच्या लाइनवर उभी राहिली. प्रयोगशाळांना लागणारे मोठे फ्रीजर तिथे बनतात.

"अगं, डिप्लोमा आहे तुझा. जरा थांब, काहीतरी चांगलं मिळेल," यशोधन म्हणाला होता.

"नऊ वर्षं थांबलेय," ती म्हणाली, आणि तो विषय तिथेच संपला.

लाइनवर तिला काम शिकवलं ते लोरेटाने. लोरेटाला तेव्हाच तिथे तेरा वर्षं झाली होती, आणि तिला हसताना फार थोड्या लोकांनी पाहिलं होतं. दाराच्या कडेला रबराचं सील बसवायचं, प्रेसखाली दाबायचं आणि ठरावीक वेळ तसंच ठेवायचं, एवढं कामाच्या कागदावर लिहिलेलं होतं. पण दार लावल्यावर तळहात कडेवरून सावकाश फिरवायचा आणि जिथे गार लागेल तिथे गळती समजायची, हे कुठल्याही कागदावर नव्हतं. पाऊस असला की सीलला जास्त वेळ द्यावा लागतो, हेही नव्हतं. हे सगळं ज्ञानदाला कळलं ते पावणेतीन ते तीन या वेळात.

सकाळची पाळी तीनला सुटायची आणि दुपारची पाळी पावणेतीनला यायची. मधली पंधरा मिनिटं दोन्ही पाळ्या एकाच यंत्राशी उभ्या. जाणारा येणाऱ्याला सांगायचा, आज हे असं वागतंय, त्याकडे लक्ष ठेव, ती पेटी वापरू नकोस. त्यात मुलांची लग्नं यायची, गुडघेदुखी यायची, फुटबॉलही यायचा. नऊ वर्षांत ज्ञानदा लाइनवरून वर चढत ट्रेनिंग को-ऑर्डिनेटर झाली. तिला विचाराल तर तिचं सगळं शिक्षण त्या पंधरा मिनिटांत झालं, आणि ती हे कोणालाही ऐकवायला तयार असते.

जानेवारीत परीक्षित आला. पुण्याचा, वय चौतीस, कॅलिफोर्नियातल्या हेड ऑफिसने पाठवलेला. कारखान्यातून जे जे वाया जातंय ते काढून टाकायचं, याला ही मंडळी लीन म्हणतात, आणि परीक्षित त्यातला तज्ज्ञ. मुलगा वाईट नव्हता. पहिल्याच दिवशी त्याने ओळख काढली, "ताई, तुम्ही मिरजेच्या? माझी आत्या सांगलीला असते," असं म्हणाला आणि तिच्या डब्यातली भाकरी मागून खाल्ली. दुसऱ्या दिवशी त्याने वाचायच्या पुस्तकांची यादी पाठवली.

यादीत बारा पुस्तकं होती. चार लीनवर, चार कामाच्या जागी माणसं कशी शिकतात यावर आणि चार उत्तम प्रेझेंटेशन कसं करावं यावर. कंपनीने ती विकतही घेतली. वेळनोंदीच्या यंत्राशेजारी शेल्फ ठोकायचं, त्यावर ती मांडायची आणि लोकांनी जाता-येता ज्ञान घ्यायचं. हे काम ट्रेनिंगवालीचं, म्हणजे ज्ञानदाचं.

तिने आधी बाराही पुस्तकं घरी नेऊन वाचून काढली, त्यात सहा आठवडे गेले. मग पाहिलं तर पुठ्ठे तकलादू. कारखान्यातले तेलकट हात लागले तर महिन्यात लक्तरं होतील. किराण्याच्या खाकी कागदी पिशव्या तिच्या घरी ढिगाने साठलेल्या असतातच. त्या उलगडून तिने बाराही पुस्तकांना कव्हरं घातली. वडील प्रत्येक पुस्तकाला मागेपुढे चार-चार कोरी पानं जोडायचे, वाचणाऱ्याला काही सुचलं तर जागा हवी म्हणून. तशी तिनेही शिवली. मिरजेहून आणलेली शाळेच्या वह्यांची लेबलं कपाटात होती, ती चिकटवली. इयत्तेच्या जागी लाइनचा नंबर घातला, कारण तीन लाइन आणि प्रत्येकीला चार पुस्तकं. विषयाच्या जागी 'शिकणं' असं इंग्रजीत लिहिलं. नावाची जागा कोरी ठेवली, वाचेल त्याने आपलं नाव घालावं म्हणून. आणि हातात पेन्सिल घेतल्याखेरीज तिला स्वतःला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक पुस्तकाला दोऱ्याने एक पेन्सिल बांधली.

रुही, तिची सोळा वर्षांची मुलगी, हे बघत होती. "Mom, nobody will know what these are," ती म्हणाली.

"उघडलं की कळेल," ज्ञानदा म्हणाली. पोरीचं बरोबर होतं, पण हे कळायला पुढे महिना जायचा होता.

मार्चमध्ये परीक्षितने ती पंधरा मिनिटं पकडली. दोन पाळ्या एका जागी म्हणजे एक पाळी रिकामी उभी, आणि रिकामं उभं राहणं म्हणजे वाया जाणं. दोन आठवडे ती बंद ठेवून बघायचं ठरलं. सकाळच्यांनी पावणेतीनला मागच्या दाराने बाहेर पडायचं आणि दुपारच्यांनी पुढच्या दाराने आत यायचं, वाटेत गप्पांना थांबायचं नाही. ज्ञानदाने विरोध केला. तोंडी केला, लेखी केला, आणि प्लँट मॅनेजर वेंडेलच्या केबिनच्या दारात उभं राहून केला. वेंडेल इथलाच, कमी बोलणारा आणि कागदावरच्या आकड्यांवर चालणारा. "दोन आठवडे बघू," एवढंच तो म्हणाला.

पहिल्या आठवड्यात दुपारच्या पाळीची सतरा दारं तपासणीत नापास झाली. सीलमधून हवा जाऊन आत बर्फ धरलेला. परीक्षितने कारण शोधलं, दुपारच्या पाळीचं ट्रेनिंग कमी पडलं. म्हणजे कोणाचं? ज्ञानदाचा जळफळाट झाला. त्याच शुक्रवारी शेल्फ ठोकून झालं, आणि तिने बाराही पुस्तकं त्यावर मांडली. दुसऱ्या आठवड्यात मात्र फक्त दोन दारं नापास झाली, आणि ती सुद्धा सोमवारीच. परीक्षित खूश.

"बघा ताई, लोक ॲडजस्ट झाले! हँडओव्हरची गरजच नव्हती. शुक्रवारी वेंडेलला प्रेझेंट करायचंय, आणि तुम्हीच करा. ट्रेनिंगकडून आलं तर वेट पडेल. दहा स्लाइड्स मी बनवल्यात, तुम्ही फक्त बोला."

तिने स्लाइड्स पाहिल्या. नवव्या स्लाइडवर सतरावरून दोनवर उतरणारा ग्राफ. दहाव्या स्लाइडवर एकच वाक्य, 'पाळ्यांमधली पंधरा मिनिटं कायमची बंद करावीत', आणि खाली 'शिफारस: ज्ञानदा केळुसकर, ट्रेनिंग'. हे तिने लिहिलं नव्हतं, पण ग्राफ खोटा नव्हता. तिला पहिल्यांदाच वाटलं की आपलंच चुकतंय की काय. बुधवारी संध्याकाळी तिने तो ग्राफ तीनदा उघडून पाहिला.

गुरुवारी दुपारी ती जिन्याशी उभी असताना लोरेटा डबा घेऊन बाहेर निघाली होती. जाता जाता ती हळूच म्हणाली, "तुझी युक्ती भारी आहे हं. आम्ही कोणाला बोललो नाही."

"कसली युक्ती?"

"वह्या," लोरेटा म्हणाली आणि चक्क हसली.

ज्ञानदा शेल्फपाशी गेली. लाइन तीनचं पहिलं खाकी पुस्तक काढून उघडलं. तिने शिवलेली कोरी पानं गच्च भरली होती. ज्याला वाटलं त्याने लिहिलं होतं, पेन्सिलीने, वेड्यावाकड्या अक्षरात, तारीख घालून.

'प्रेस पाळीच्या सुरुवातीला गार असतं. डावी बाजू कमी दाबते. पहिली चार दारं हाताने तपासा. लोरेटा.'

'आज पाऊस आहे. सीलला अकरा मिनिटं जास्त द्या.'

त्याच्याच खाली दुसऱ्या अक्षरात: 'दिली. एकही परत आलं नाही.'

'निळ्या झाकणाचे स्क्रू वापरा, लाल झाकणाची पेटी खराब आहे.' 'लाल पेटी परत पाठवली. तुझ्या मुलीला ताप होता ना, उतरला का?' 'उतरला.'

बाराच्या बारा तशीच. कोरी पानं संपल्यावर लोक प्रकरणांच्या शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागेत शिरले होते. चार शब्दांत सांगायचं तर, खाकी कव्हर, लाइनचा नंबर, 'शिकणं', रिकामी पानं आणि बांधलेली पेन्सिल बघून सगळ्यांनी सरळ समज करून घेतला होता की, बोलायला बंदी झाली म्हणून ज्ञानदाने गुपचूप निरोपाच्या वह्या ठेवल्या आहेत. पहिली नोंद दुसऱ्या सोमवारची होती, दुपारी अडीचची. मंगळवारपासून एकही दार नापास झालेलं नव्हतं.

ती तिथेच जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. आधी हसू आलं, मग डोळे भरून आले, आणि मग राग आला, असा की कानशिलं तापली. हे लोक तिच्यावर भरवसा ठेवून लिहीत होते, आणि त्यांच्या लिहिण्यातून आलेला आकडा उद्या त्यांच्याच पंधरा मिनिटांवर घाव घालायला वापरला जाणार होता. खाली सही तिची.

तिने पुस्तक उचललं आणि परीक्षितच्या टेबलावर आपटलं.

त्याने पानं चाळली. चेहरा उतरला. पुस्तकं खराब झाली म्हणून उतरला असेल असं आधी तिला वाटलं, पण गडी हुशार होता, त्याला ग्राफ कळला होता.

"ताई, हे बाहेर गेलं तर प्रॉब्लेम होईल," तो दार लावून म्हणाला. "अप्रूव्ह न झालेल्या सूचना कंपनीच्या पुस्तकात लिहिल्यात. एचआर सोडणार नाही. पण तुम्हाला तर माहीतच नव्हतं ना? मग तुम्ही सेफ आहात. आपण म्हणू, ऑपरेटर्सनी पुस्तकं मिसयूज केली. नवी मागवू. उद्याचं प्रेझेंटेशन आहे तसं करा. ग्राफ तर खराच आहे."

"ग्राफ खरा आहे. तू लावलेलं कारण खोटं आहे."

"हेड ऑफिसला मी ऑलरेडी रिझल्ट कळवलाय, यार..." त्याने जीभ चावली. "सॉरी. ताई, माझंही रिव्ह्यू आहे या महिन्यात."

"परीक्षित, तुझ्या यादीतलं पहिलं पुस्तक तू वाचलंयस?"

"समरी वाचलीय."

"चौऱ्याऐंशीव्या पानावर लिहिलंय, एखादी गोष्ट वाया जातेय म्हणण्याआधी ती होते तिथे जाऊन स्वतः उभे राहा. तू त्या पंधरा मिनिटांत एकदा तरी खाली येऊन उभा राहिलास?"

त्याने पुस्तक मिटलं. ज्ञानदाला त्याची दयाही आली, पण त्या दयेपायी ती आपली सही देणार नव्हती.

घरी यशोधनला सांगितलं तेव्हा त्याने चहाचा कप खाली ठेवला. "अगं, तुला खरंच माहीत नव्हतं. मग खरं तेच सांगून मोकळी हो ना. कशाला अंगावर घेतेस?"

"मला माहीत नव्हतं म्हटलं की दोष लोरेटावर जातो. तिची बावीस वर्षं झालीत तिथे."

"आणि तुझी नऊ?"

"माझी नऊ तिथली, आणि त्याआधीची नऊ इथली, या स्वयंपाकघरातली. तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. आता विचारतायत तर मी बोलणार."

यशोधन तिला चांगला ओळखतो. त्याने कप पुन्हा उचलला आणि उद्या रुहीला शाळेतून मी आणीन एवढंच म्हणाला.

शुक्रवारी दुपारी अडीचला मीटिंग होती. वेंडेल, एचआरच्या बाई, परीक्षित आणि भिंतीवर पहिली स्लाइड. ज्ञानदा आत आली ती बारा खाकी पुस्तकांची चळत छातीशी धरून. लोरेटालाही तिने बोलावून घेतलं होतं, आणि ती दाराशी हाताची घडी घालून उभी राहिली. पहिल्या आठ स्लाइड्स ज्ञानदाने दोन मिनिटांत संपवल्या. नववीला ग्राफ आला, तेव्हा ती थांबली.

"हा आकडा खरा आहे," ती इंग्रजीत म्हणाली. तिचं इंग्रजी मिरजेचंच आहे आणि ती ते कोणासाठी बदलत नाही. "पुढच्या स्लाइडवर माझं नाव आहे, पण वाक्य माझं नाही, म्हणून मी ते वाचणार नाही. प्रेझेंटेशनच्या चार पुस्तकांपैकी एकात म्हटलंय, सांगण्यासारखं खरंच काही असेल तर पडदा बंद करा."

तिने पडदा काळा केला आणि सगळ्यात वरचं पुस्तक वेंडेलच्या पुढ्यात ठेवलं.

वेंडेलने चष्मा लावला. तो वाचू लागला आणि वाचतच राहिला. पान उलटलं, परत मागे आला, बोटाने तारखा जुळवल्या. परीक्षित टेबलाकडे बघत होता.

"अकरा मिनिटं," वेंडेल शेवटी म्हणाला. "हे कोणी ठरवलं?"

"मी," लोरेटा दारातून म्हणाली. "सहा-सात वर्षं झाली. कोणी विचारलं नाही."

एचआरच्या बाईंनी घसा खाकरला. "या पुस्तकांत लिहायची परवानगी कोणी दिली होती?"

हाच तो क्षण होता. मला माहीत नव्हतं, एवढे तीन शब्द म्हटले असते तर ज्ञानदा त्यातून सहीसलामत बाहेर पडली असती. आणि ते तीनही शब्द खरे होते.

"कव्हरं मी घातली," ती म्हणाली. "कोरी पानं मी शिवली. पेन्सिली मी बांधल्या. लिहायला जागा मी केली, त्यांनी लिहिलं. तुम्ही बोलणं बंद केलंत, तेव्हा त्यांनी लिहून शिकवलं. कामाच्या जागी माणसं कशी शिकतात, यावर तुम्ही चार पुस्तकं विकत घेतलीत. ती मी वाचली. त्या चारांपेक्षा ही पेन्सिलीची पानं जास्त सांगतात, आणि मी शिफारस करते ती यांची. वाया काही जात असेल तर ही शेल्फवरची माणसांची अक्कल, जी तुम्ही पंधरा मिनिटं उभं राहून ऐकायला तयार नाही."

शेवटचं वाक्य जरा जास्तच झालं, हे तिला बोलताना कळत होतं. तरी तिने ते परत घेतलं नाही.

वेंडेलने घड्याळात पाहिलं. पावणेतीनला पाच मिनिटं होती. तो उठला, पुस्तक काखेत मारलं आणि खाली गेला. बाकीचे मागोमाग. दोन दारांतून दोन पाळ्या आत-बाहेर करायच्या बेतात होत्या. वेंडेलने हात वर करून सगळ्यांना थांबवलं आणि म्हणाला, "आज बोला. मी ऐकतोय." पहिली दोन मिनिटं कोणी तोंड उघडेना. साहेब शेजारी उभा असताना काय बोलणार? मग लोरेटाने दुपारच्या मुलीला प्रेसपाशी ओढलं, तिचा तळहात धरून दाराच्या कडेवर ठेवला आणि फिरवायला लावला. हळूहळू सगळीकडे कुजबुज सुरू झाली, आणि तीन वाजेपर्यंत नेहमीचा गलका. वेंडेल पूर्ण पंधरा मिनिटं उभा होता. परीक्षितही उभा होता, आणि शेवटची पाच मिनिटं तो चक्क वहीत काहीतरी लिहून घेत होता.

सोमवारपासून पंधरा मिनिटं पुन्हा सुरू झाली. पुढेमागे हेड ऑफिस ती परत काढायला बघेल, ज्ञानदाला त्याची खात्री आहे. पण तेव्हा वेंडेलला सांगावं लागेल की त्याने स्वतः उभं राहून काय ऐकलं.

नियम मात्र नियमच. मंगळवारी एचआरच्या बाईंनी तिला बोलावलं आणि लेखी ताकीद पुढे सरकवली. तिच्या फाइलमध्ये ती कायमची राहणार होती. "वाचून सही करा, फॉर्मॅलिटी आहे," बाई म्हणाल्या. कोणी दुसरं असतं तर खालची रेघ शोधून सही करून सुटलं असतं. ज्ञानदाने पिशवीतून चष्मा काढला आणि दोन्ही पानं, अगदी तळाच्या बारीक अक्षरांसकट, वाचून काढली. बाहेर पावणेतीनचा भोंगा झाला. खालून दोन पाळ्यांचा गलका वर येऊ लागला.

दुसऱ्या पानावर एक वाक्य होतं: 'कामगारांनी कोणाच्याही परवानगीशिवाय कंपनीच्या पुस्तकांत लिहिलं.' तिने पेन मागून घेतलं. 'कोणाच्याही परवानगीशिवाय' यावर सरळ रेघ मारली, वर स्वच्छ अक्षरात 'माझ्या परवानगीने' असं लिहिलं आणि मग खाली सही केली.

"याची मला एक प्रत द्या," ती बाईंना म्हणाली, आणि गलका चालू होता तिकडे खाली उतरून गेली.